उंबऱ्याबाहेरचं पत्र

मी ती पत्रं परत आणली, याचा मला जराही पश्चात्ताप नाही. शिकल्यासवरल्या बाईने असं करावं का, असं तोंडावर विचारणारे बरेच भेटले. हो, करावं.

माझा मोठा भाऊ सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावातून लष्करी अकादमीत गेला आणि प्रशिक्षण पुरं व्हायच्या आतच अपघातात वारला. मी तेव्हा शाळेत होते. त्याची निळी अंतर्देशीय पत्रं मायने पितळी डब्यात जपली. त्याच्या मरणाची खबर देणारं अकादमीचं पत्र मात्र वडिलांनी अंगणात उभ्यानेच वाचलं आणि तिथेच फाडलं. मयताची चिठ्ठी आमच्याकडे उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. मी पुढे आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण वडिलांचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी अकादमीच्या अभिलेखागाराने जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं मागवली. डब्यातल्या पत्रांची शाई उडत चालली होती, म्हणून मीच मायला राजी केलं. दान नव्हे, सांभाळायला म्हणून दिली. पोराला तिथलं जेवण आवडत नव्हतं, एवढंच माय म्हणाली.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांचं प्रदर्शन देवपुरातल्या एका कॉलेजात आलं. माय आता माझ्याकडे शहरातच असते, तिला मी रिक्षाने घेऊन गेले. काचेखाली भावाची पत्रं नीट मांडलेली, वर त्याचा फोटो. मायने पदराने काच पुसली, जणू पोराचं तोंडच पुसत होती. मग शेजारच्या टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवलं.

"हाई काय शे?"

मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. वडिलांनी फाडलेल्या पत्राची ती कार्यालयीन प्रत होती. मायला अक्षरओळख नाही, काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्याशी खोटं बोलायला मी काही तयार नव्हते; काय आहे ते सांगून टाकलं.

तिने तिथल्या प्रमुखांना हाक मारली. "भाऊ, मन्हा पोऱ्याना पत्रंसजोडे हाई काब्र ठेवं?"

निवृत्त अधिकारी होते ते, बोलायला अगदी सौम्य. "आजी, एका माणसाचे सगळे कागद एकत्र ठेवायचे असा आमचा नियम आहे. हे त्यांचं शेवटचं पत्र. याच्याशिवाय हकीकत पुरी होत नाही."

"हे त्याचं नाही, तुमचं पत्र आहे," मी म्हणाले. "आणि हकीकत पुरी करायला आम्ही सांगितलं नव्हतं."

त्यांनी तो कागद दुसऱ्या पेटीत हलवायची तयारी दाखवली. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

मायने विचारलं, "रातले कोठे ठेवतस?"

त्यांनी खरं तेच सांगितलं. प्रदर्शन संपलं की सगळं एकाच फाइलीत जातं.

"मंग मन्हा बठ्ठा पत्रं माले परत दे."

त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. घरात वाळवी लागेल, थोड्या वर्षांत एक अक्षर उरणार नाही. त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ते मला कळतही होतं. तरी मी म्हणाले, "उडू द्या. आमच्या घरात उडतील." आजूबाजूचे लोक बघत होते. खुशाल बघोत.

पेटी उघडायला लावली. सह्या केल्या. पांझरेच्या पुलावरून रिक्षा परत येताना माय पत्रं पोटाशी धरून ताठ बसली होती.

घरी आल्यावर तिने सर्वांत वरचं पत्र माझ्या हातात दिलं. ते त्याचं शेवटचं. तेव्हा वडील शेतात विहीर खणत होते. खाली घाईघाईत त्याने लिहिलं होतं, 'विहिरीला पाणी लागलं का? लगेच कळवा.' पाणी त्याच आठवड्यात लागलं होतं. कळवायच्या आधी अकादमीचं पत्र आलं, आणि मग ते राहूनच गेलं.

"लिख," माय म्हणाली, "पाणी लागनं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पूर्ण भानावर होती आणि माझ्या हाताकडे बघत होती. पत्ता कोणता घालू, असं मी विचारलं नाही. पेन घेतलं आणि लिहायला बसले.