डावीकडे जाणारी गाडी

आमच्या घरात कशाचाही आवाज आला की त्यात शिलाई मशीनचं तेल घालतात. बिजागरी, पंखा, सायकल, काहीही. बाबांनी ते गेमच्या कंट्रोलरमध्ये घातलं तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं.

"जॉयस्टिक करकरत होती," ते म्हणाले.

करकरत नव्हती, झिजली होती. अंगठा उचलला तरी स्क्रीनवरची गाडी आपली डावीकडे जाऊन कठड्याला घासायची. बाबांनी उभी हयात कात्रजच्या रस्त्यावर सिटीबस चालवली. त्यांना हे सहन होईना, आणि बंगळूरला असलेल्या माझ्या भावाला वाटलं, बाबा मुद्दाम हरतायत.

भावानं घरी न सांगता लग्न उरकलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. फक्त रविवारी दुपारी आपापल्या घरी बसून ऑनलाइन रेस खेळायचे, तीही मुक्यानं. निरोप पोचवायला मी.

"ताई, त्यांना सांग, मला दया नकोय. मी यापुढे खेळणार नाही."

"त्याला सांग, नको खेळूस."

या दोघांनी माझा पोस्टमन करून टाकला होता! आणि ती रेससुद्धा बंद पडली असती तर बाप-लेकात काहीच उरलं नसतं.

मी बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. म्हटलं, "डाव्या बाजूची जॉयस्टिक द्या."

"डावं-उजवं चपलेत असतं," दुकानदार म्हणाला.

"दुकानदारांतही असतं," मी म्हटलं आणि सुटा भाग घेऊन आले.

कंट्रोलर उघडला तर आत तेलाचा चिकटा. तो स्पिरिटनं पुसला. जुनी जॉयस्टिक सोल्डरचे डाग देऊन अशी पक्की केलेली की निघता निघेना. नुसती खोचून बसवली असती तर कंपनीचं काय बिघडलं असतं? पण मग लोक नवा कंट्रोलर कशाला घेतील! तापलेल्या सोल्डरिंग गननं जुनी काढून नवी बसवताना बोट भाजलं. बाबा मागे घुटमळत होते.

"मी धरू का?"

"तुम्ही लांब बसा."

भावाला मी फोनवर झापलं. "यंत्र बिघडलं होतं, बाबा नाही. रविवारी गपचूप खेळायला बस."

तो बसला. गाडी सरळ धावली, बाबा जिंकले. लगेच माझ्या फोनवर भावाचा मेसेज, "त्यांना सांग, भारी चालवली."

बाबा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "त्याला विचार, सूनबाई बरी आहे ना."

सूनबाई. हा शब्द या घरात पहिल्यांदाच निघाला होता, आणि तोही मीच पोचवायचा! माझा तोल सुटला. हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला, माइक चालू केला.

"जॉयस्टिक मी बदलली. तुमच्या तोंडाला काय झालंय? विचारा तुम्हीच!"

पुढची रेस सुरू झाली होती. हिरवा दिवा लागला, तरी दोन्ही गाड्या रेषेवरच उभ्या.

बाबांनी घसा खाकरला.

"काय रे, ती आहे का घरी? दे तिच्याकडे."