बेट्टदपुरहून आलेली अक्षरे

२९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. नळाला पाणी साडेसहाला. दूधवाला आला नाही. दहा वाजता भुजंगराव मोडेम आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले.

भुजंगराव माझे धाकटे दीर. कडकोळच्या कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली; घरी आले की जुने कॉम्प्युटर उघडून बसायचे. त्यांचा बालमित्र रघूत्तम बेट्टदपुरला असतो. पंचवीस वर्षांपूर्वी दोघांनी एकसारखे मोडेम घेतले. फोनच्या तारेतून एकमेकांना मजकूर पाठवायचा होता. नोकरी, मुलींची लग्ने, आजारपणे यांत ते राहूनच गेले. भुजंगरावांची बायको भागीरथी म्हणते, "यांचं लग्न त्या डबीशी लागलंय, मी नुसती करवली."

रघूत्तमच्या गावातली फोनची तांब्याची तार उद्या काढून टाकणार होते. भुजंगरावांनी घरचा फोन कधीच काढून टाकलेला. आमच्या गल्लीत लँडलाइन उरली ती माझ्याकडे. आज जमले नाही तर कधीच नाही.

मोडेमने नंबर लावला, किंचाळला आणि गप्प झाला. चार वेळा तसेच. मोबाइलवरून रघूत्तम ओरडत होता, "अरे, लागतंय नि तुटतंय!"

भुजंगराव जमिनीवरच बसले. "वहिनी, ही लाइन खरखरते. कधीपासून?"

"थांबा, लिहिलेलं असेल."

मागच्या वर्षांच्या डायऱ्या काढल्या. "फोन खरखरतो" ही नोंद चार जागी सापडली, आणि चारही वेळा खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात. वाचता वाचता मी थांबले. दोघांचीही नजर भिंतीवरच्या फोनच्या डबीकडे गेली. तिच्यावर गंधाचे वाळलेले ओघळ, त्यावर कुंकू. खंडेनवमीच्या पूजेत घरातल्या तलवारीला, शिलाई मशीनला, तसे फोनलाही. डोळ्यांना कमी दिसू लागल्यापासून मी गंध जरा सढळ हातानेच लावते.

त्यांनी डबी उघडली. गंधाचे पाणी झिरपून आत स्क्रूंवर हिरवा थर.

"अय्यो वहिनी! पूजा केलीत की अभिषेक?"

"बोललेलं तर नीट ऐकू येत होतं."

"तुम्ही खरखरीतूनही समजून घेता. हे यंत्र नाही घेत."

त्यांनी तारेची टोके कापली, सोलली, स्क्रू पॉलिश पेपरने घासले. मी टॉर्च धरला.

पाचव्यांदा ते किंचाळणे तुटले नाही. वर चढले, घरघरले, मग एकदम शांत. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागले. अक्षरे इंग्रजी, भाषा मराठी: वहिनी जेवलात का.

तिकडे साठ-सत्तर किलोमीटरवर एक म्हातारा बोट दाबतो, आणि ते अक्षर शेते, रस्ते, तळी ओलांडून माझ्या भिंतीतल्या डबीतून बाहेर येते! इतकी वर्षे या तारेवर मी भाजी आणि पाहुण्यांविषयी बोलले. तिच्यात हे मावते, याची मला कल्पना नव्हती. लहानपणी मिशनच्या शाळेत प्रार्थनेला चॅपेलमध्ये उभी राहायचे तशी हात जुळवून उभी राहिले.

भुजंगरावांनी चष्मा पुसला. मग एका बोटाने टाइप केले: नाही रे, तुझ्यासाठी थांबलोय.

तीन वाजेपर्यंत दोघे लिहीत होते. मी वाचत होते. पानावर बसायचे कुणाला सुचले नाही.

संध्याकाळी डायरीत लिहिले: कुंकवाचा करंडा फोनजवळून देवघरात हलवला. सकाळचा भात तसाच राहिला होता, फोडणी देऊन रात्री खाल्ला.