सुनीताचा नाच आणि माझा करंडा

मैत्रिणींनो, आज लई लाज वाटली.

आमच्या गल्लीतली सुनीता गेल्या वर्षी तुरुंगातून सुटली. आज सभागृहात तिनं तिथल्या दिवसांवर नाच केला. बराकीतल्या बायका, एका बादलीसाठीची ओढाताण. मी डोळे पुसत होते.

मग नाचात ती सुटली, हळदीकुंकवाला बसली, कपाळ पुढं केलं. समोरच्या बाईनं करंडा पदराखाली घेतला आणि पुढं सरकली.

शेजारीण हसली, "वहिनी, ह्या तर तुम्हीच की वो!"

व्हय, मीच. चैत्रात माझ्या घरच्या हळदीकुंकवाला टँकरच्या पाण्याचं पन्हं तिला दिलं, कुंकू नाही.

बाहेर सुनीतानं विचारलं, "काकू, आवडला?"

मी घाईनं चपला पायात सरकवल्या.

उद्या करंडा घेऊन तिच्या दारी जाणार आहे. पण तिनं कपाळ पुढं केलंच नाही तर?