मावसाजींचा शांत कोपरा

जगात कुठेही काही बिघडलं तरी त्यात बिघडवणाऱ्याचा दोष कधीच नसतो, असं छातीठोकपणे मानणारा आमच्या मावसाजींइतका उदार माणूस अख्ख्या भिलाईत सापडायचा नाही. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात काढून ते निवृत्त झाले आणि येताना मिलमधला एक नियम घरी घेऊन आले. काही घडलं की आधी इन्क्वायरी, आणि इन्क्वायरीत माणसाला नाही, सिस्टिमला धरायचं. दूध उतू गेलं तर ती मावशीची चूक नसते, शेगडी खिडकीच्या वाऱ्यात ठेवल्याची असते. हे सिद्ध होईपर्यंत ते कोणाला ओटा पुसू देत नाहीत. मावशी म्हणते, "चूक माझीच धरा, पन मले ओटा पुसू द्या."

बाकीही त्यांचं सगळं मिलच्या मापाचंच. गच्चीवरून ते मला हातवारे करून बोलावतात. मूठ वर धरून फिरवली म्हणजे चहा तयार आहे, हे कळायला मला बराच काळ लागला. फोनवर स्वतःचं सांगून झालं की फोन ठेवून देतात, समोरच्याचं राहिलं तर राहिलं. टीव्हीवरच्या बातम्या त्यांच्याबरोबर शेजारचं क्वार्टरही ऐकतं. नागपूरला कधी जाणार म्हणून विचारावं, तर ते शेवग्याच्या झाडाला कीड कशी लागली ते सांगू लागतात. वर आपल्यालाच ऐकवतात, "आजकालचे लोकं तोंडातल्या तोंडात बोलून राहिले. आमच्या मिलमंदी असं चालत नव्हतं." मोठ्या माणसाची तऱ्हा म्हणून आम्ही सगळे हसायचो.

तर अशा या घरात त्यांची मुलगी नोकरीसाठी पुण्याला जाताना चिमी नावाची मांजर ठेवून गेली. मावसाजींनी पावर हाउस भागातल्या बाजारातून निळा ट्रे आणला, त्यात बारीक वाळू घातली आणि हॉलमधल्या खिडकीखाली तो अशा थाटात मांडला की मिलमध्ये नवी मशीन बसवली असावी. हिवाळाभर चिमीचं वागणं निर्दोष होतं. उन्हाळा लागला आणि तिने ट्रे सोडला. आधी पायपुसणं, मग मावसाजींचे बूट, आणि शेवटी मावशीने घडी करून ठेवलेल्या गाद्या.

मावशीने गादी अंगणात वाळत घातली आणि निकाल दिला. "आता एकदा जरी गादी ओली झाली ना, तर ही चालली हथखोजले. तिथं यायच्या भाच्याच्या गोदामात भलते उंदीर झाले म्हणते तो."

"तू कावून तिच्यावर ओरडून राहिली?" मावसाजी म्हणाले. "वर्करले दोष द्याचा नाही. सिस्टिम पाहाची."

इन्क्वायरी बसली. वाळू बदलली, ट्रे बदलला. फिनाइलने ट्रे इतका घासला गेला की त्याच्याजवळ जाताना माझेच डोळे चुरचुरायचे. ट्रेभोवती जमिनीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्या रंगवल्या. चिमी पट्ट्यांपर्यंत यायची, कान मागे पाडायची आणि वळून गाद्यांकडे निघायची. मावसाजी तिच्या मागे मागे, हात जोडायचेच काय ते बाकी. मांजरी आपल्याला आवडत नाहीत, असं ते अजूनही सांगत होते. फक्त सांगताना तिच्या पाठीवरून हात फिरत असे. हथखोजचं नाव निघालं की जेवण अर्धं टाकून उठत. गोदामात चिमी टिकायची नाही, हे त्यांना कळत होतं.

शेवटी चिमीला भाजीच्या टोपलीत घालून आम्ही स्कूटरवरून सुपेल्याला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तिला नीट तपासलं. "बीमारी कुछ नहीं है। डर रही है। ट्रे के पास कोई शोर तो नहीं होता?"

हे मावसाजींना मला कानाशी पुन्हा सांगावं लागलं. ते ताठ बसले. "घर का सबसे शांत कोना है, डॉक्टर साहब।"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ट्रेच्या वरच्याच खिडकीत एप्रिलपासून कूलर लावलेला होता. जुना, पत्र्याचा, आणि चालू झाला की शेजारच्या खोलीतही ओरडून बोलावं लागायचं.

घरी आल्यावर मी ते सांगितलं, मोठ्याने. मावसाजी कूलरपाशी गेले. तो सुरूच होता. त्यांनी कान नाही लावला, पत्र्यावर तळवा ठेवला, मिलमध्ये बेअरिंग तपासताना ठेवत असतील तसा. बराच वेळ हात तिथेच होता.

"हा आवाज करते?" त्यांनी विचारलं.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. ती जवळ आली आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मले वाटे, तुमी मुद्दामच माझं ऐकत नाही."

मावसाजी खाली बसले. "इन्क्वायरी झाली," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "मी म्हणलं नव्हतं? तिची चूक नाही." मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या कानांबाबत सिस्टिमची चूक आहे म्हणायला त्या दिवशी कोणीच पुढे आलं नाही.

ट्रे मागच्या पडवीत गेला. चिमी त्याच दिवशी त्यात जाऊन आली, गाद्या कोरड्या राहिल्या, हथखोजचा विषय मावशीने पुन्हा काढला नाही. कानाच्या मशीनला मात्र मावसाजींचा ठाम नकार आहे. गरज नाही म्हणतात. त्यांनी आपली खुर्ची हलवून अशी ठेवली आहे की समोर चिमी दिसावी. मी बेल वाजवली की तिचे कान दाराकडे वळतात, मावसाजी तिच्याकडे बघतात आणि उठतात. दार उघडून म्हणतात, "ये, ऐकलं मी." मी हो म्हणतो. चिमी त्यांच्या पायांमधून शेपूट फिरवत असते.

दुपारी मावशी घरी नसली आणि चिमी झोपलेली असली तर मात्र बेल वाजून वाजून थांबते. आत कूलर घरघरत असतो. मी पायरीवर सावली बघून बसतो आणि तिला जाग यायची वाट पाहतो.