सिनेमाच्या चालीवर पोथी

टीव्हीनं माणसं अडाणी होतात म्हणणाऱ्याला मी आधी भुईगावात आणेन, आमच्या प्रेमलताच्या पडवीत बसवेन, आणि मग म्हणेन, बोल आता काय ते! मी क्लारा, तिची शेजारीण. त्यांची जाईची, तगरीची वाडी. दुपारी आम्ही बायका त्या पडवीत गजरे वळायचो.

श्रावणात तिथे पोथी असायची. प्रेमाची सासू, सरोजिनीकाकी, महिनाभर वाचायच्या आणि आमचे हात चालायचे. मी ख्रिश्चन, पण गोष्ट ऐकायला कसला आलाय धर्म?

मग गावात केबल आली. बायका एकेक करून गळाल्या. दुपारच्या मालिका कोण सोडणार? काकींचा नुसता संताप. "या डबड्यानं घराघरात अंधार केला!" आमच्या फादरांचं प्रवचनही तेच. दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर!

सगळ्यात जास्त बोलणी प्रेमा खायची. धाकटी भावंडं सांभाळण्यात तिची शाळा राहून गेली होती. सही म्हणजे अंगठा. आणि गाण्यांचं वेड असं की विचारू नका. रविवारी चर्चमधल्या मिस्सावरून मी तडक तिच्याकडे जायचे. टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, त्यात शब्दही खाली लिहून यायचे. गाणी तिला पाठ, त्यामुळे कुठला शब्द कधी येणार हे ठाऊक. बोट नाचवत ती अक्षरांच्या मागे लागायची. "बघ क्लारा, हा 'दि', मघाच्या गाण्यातला!" मी हसायचे. काकी आतून ओरडायच्या, "नाचा आता दोघी!" दोन-तीन वर्षं हेच चाललं.

दोन हजार तीनच्या श्रावणात पोथी निम्मी झाली आणि काकींच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, पावसाळा सरू दे, मग बघू. पण सुरू केलेली पोथी अर्धी ठेवायची नसते, आणि त्यांच्यात ती घरच्याच माणसानं पुरी करायची रीत. मुलगा दिवाकर आखातात नोकरीला. मी म्हटलं, मी वाचते. "तुझं मन मोठं गं, पण घरचंच माणूस हवं," काकी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. सासऱ्यांपासून चालत आलेलं वाचन आपल्या हातून मोडतंय, हे त्यांना सोसवेना. घास उतरेना.

प्रेमा हातपाय धुऊन आली आणि पोथीसमोर बसली. "मी वाचू, आई?"

"तू? आणि अक्षरं काय डबड्यातून काढणार?"

"हो," प्रेमा म्हणाली.

बोट ठेवलं. एक अक्षर, दोन अक्षरं, गाडी अडली. माझाच जीव टांगणीला! मग ती गुणगुणायला लागली. अगो बाई, सिनेमातल्या गाण्याची चाल! त्या चालीत तिनं ओवी बसवली आणि अडखळत का होईना, पुढे सरकली.

"पोथी आहे ती, पिच्चर नाही!" काकी कडाडल्या.

प्रेमा रडवेली झाली. "आई, चालीशिवाय मला वाचताच येत नाही."

काकींनी चाचपडत पोथी तिच्यापुढे आणखी सरकवली. मग म्हणाल्या, "वाच."

ती अडली की काकी अंदाजानं शब्द सांगायच्या. गावात बातमी फुटली, प्रेमा सिनेमाच्या चालीवर पोथी वाचते! बायका मजा बघायला आल्या आणि बसल्याच. मालिका गेल्या खड्ड्यात.

शेवटचा अध्याय संपला. ऐकणाऱ्यांनी वाचणाऱ्याच्या पाया पडायची रीत. सगळ्यांच्या आधी काकी चाचपडत उठल्या. प्रेमानं पाय आखडून घेतले. "आई, काय करता! मी सून तुमची."

"पाय इकडे कर. आज मी सासू नाही, ऐकणारी आहे."

काकी वाकल्या. आम्ही सगळ्या डोळे पुसत होतो. त्या मात्र उठता उठता म्हणाल्या, "उद्या रविवार ना? लाव तुझं डबडं. पुढच्या श्रावणाला नवी चाल बघून ठेव."