सासरे दुसऱ्यांचं सामान हलवतात

दुसऱ्याचं घर हलवायला माझ्या सासऱ्यांइतका उतावळा आणि स्वतःच्या घरातलं स्टूलसुद्धा हलवायला त्यांच्याइतका नाखूश माणूस अख्ख्या मुलुंडात शोधून सापडणार नाही. त्यांची तीन मजली इमारत पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, राहिली ती एकच, तिसऱ्या मजल्यावरची, म्हणजे यांची. सेक्रेटरी कागद घेऊन आले की "बघू, दिवाळीनंतर" म्हणायचं आणि चहा पाजून त्यांची बोळवण करायची. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यांनी लावलेल्या घरातली एक खुर्ची या माणसाने जागची हलू दिलेली नाही.

आणि हाच माणूस रविवारी दहाच्या ठोक्याला रिमोट घेऊन टीव्हीसमोर माझी वाट बघत बसतो! लोकांचं सामान हलवायचा एक व्हिडिओ गेम त्यांना मीच आणून दिला. खेळाडू दोघे, खाली ट्रक उभा, वर घड्याळ पळतंय. जड सामान दोघांनी दोन्हीकडून धरायचं, तिरकं करून दारातून काढायचं आणि वेळेत ट्रकमध्ये भरायचं. काचा फुटल्या तर फुटू द्यायच्या, खरी मजा तिथेच आहे. सासऱ्यांना हे आधी मुळीच पटेना. "काचा फोडायच्या? लोकांच्या घरात?" फ्रीज हलवण्याआधी थोडा वेळ बंद ठेवायला हवा म्हणून घड्याळ चालू असताना त्यांनी मला हात बांधून बसवलं. नव्या घरी पहिले देव गेले पाहिजेत हा त्यांचा आणखी एक नियम. गेममध्ये देव्हारा नाही, म्हणून कित्येक रविवार आम्ही एक टेबललॅम्प सर्वांत आधी, भक्तिभावाने नेऊन ठेवत होतो. मग एकदा चुकून त्यांच्या हातून एक खुर्ची खिडकीतून उडाली आणि थेट ट्रकमध्ये जाऊन पडली. "झकास!" म्हणत बहात्तर वर्षांचे सासरे टुणकन उठले. त्या दिवसापासून कसले नियम आणि कसलं काय! एरवी "जावईबापू, अजून एक पोळी घ्या" म्हणणारा हा सज्जन गृहस्थ खेळताना माझ्यावर सरळ खेकसतो, "अरे वळव ना गाढवा! वाट लावलीस यार!"

गेल्या रविवारी तर कहरच झाला. शेवटची लेव्हल, शेवटचं मिनिट, सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि सासऱ्यांचा आवाज टिपेला. "कपाट धर! ट्रक थांबलाय खाली! आज घर रिकामं झालंच पाहिजे!" तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात पेढ्यांचा बॉक्स, मागे जिन्यात निम्मी सोसायटी.

"काका, निघालात एकदाचे! सगळं ऐकलं आम्ही!" असं म्हणत त्यांनी सासऱ्यांच्या तोंडात पेढा कोंबलासुद्धा. मग त्यांना टीव्हीवरचा ट्रक दिसला. मी ओशाळून सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "काका, माझी आई दोन वर्षं खाली उतरलेली नाही. नवीन बिल्डिंगला लिफ्ट असेल ना."

सासऱ्यांनी पेढा कसाबसा गिळला. सागवानी कपाटाकडे बघत म्हणाले, "हे कपाट हिने आणि मी मिळून वर चढवलं, तीन जिने. माझी बाजू मी अजूनही धरीन हो. पण तिची बाजू कोण धरणार?"

मी उठलो आणि कपाटाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. मग सासऱ्यांनी आपली बाजू धरली आणि आम्ही दोघांनी कपाट कुरकुरत हातभर पुढे ओढलं. मागे भिंतीवर जुना, फिकट हिरवा रंग जसाच्या तसा होता.

"हा रंग तिने पसंत केला होता," ते म्हणाले. त्यांनी त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि सेक्रेटरींकडे पेन मागितलं.