पणजोबांची मध्यस्थी

मुलांनो, तुमचे पणजोबा हयात असताना घरात त्यांच्याशी फारसं कोणी बोलत नसे. बोलून उपयोगही नसायचा, ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. त्यांना खरं महत्त्व आलं ते वारल्यावर, आमच्या डोंबिवलीच्या घरात फोटो होऊन भिंतीवर लागल्यावर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. मी दिवसभर ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरीला. म्हणून त्यांचं सगळं करायला खाडीकडच्या गावातली एक बाई येई. दोघी दिवसभर भांडत आणि संध्याकाळी मी घरी यावं तर दोघींचे चेहरे टवटवीत.

एकदा शेजारीण भेटायला आली. बाईने तिच्यादेखत सांगून टाकलं, "आजींनी आज गादी भिजवली, ती गॅलरीत वाळत हाय." त्या क्षणापासून सासूबाईंनी बाईशी अबोला धरला.

पण अबोल्यातही तहान लागतेच. सासूबाई फोटोकडे बघून म्हणायच्या, "ऐकलंत का? घसा कोरडा पडलाय." बाई पाणी द्यायची आणि फोटोलाच सांगायची, "आजोबा, तुमच्या बायकोला सांगा, सावकाश प्या." जिवंतपणी त्यांना इतकं काम कोणी सांगितलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मनात असेल ते सरळ बोलावं अशा मताची. तसं सुचवल्यावर दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच या घरात परकी.

मग कल्याणच्या एका घरातून बाईला बोलावणं आलं. रविवारी तिने फोटोला कळवलं, "आजोबा, मी चालली उद्यापासून कल्याणला."

सासूबाईंचा चेहरा उतरला. तिच्याशिवाय कोणाच्या हातून त्या अंघोळ करून घेत नसत, माझ्याही नाही. तरी फोटोलाच म्हणाल्या, "ऐकलंत का? जाणाऱ्याला कोण अडवणार? तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला तरी मला कुठे अडवता आलं."

बाई स्टुलावर चढली आणि तिने फोटोचं तोंड भिंतीकडे फिरवलं. "आजोबा झोपले. आता माझ्याशी बोला."

मी हातातलं काम टाकून दारात उभी. सासूबाईंनी फोटोच्या पाठच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या भवानीसमोर कशाला सांगितलंस गं? आता सगळ्या बिल्डिंगला माझी गादी माहीत."

"चुकलंच माझं, आजी."

"मग उद्या येणार का?"

"मना जाऊ नको म्हणा, मंग येते."

"नको जाऊस," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच, "चहात साखर घालत जा जरा. आठवडाभर फोटोला सांगतेय."

"आजोबा बोलले नाय मना."

बाई दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. फोटो मात्र तसाच राहिला. दोन दिवसांनी केर काढताना माझं लक्ष गेलं, तेव्हा मी तो सरळ केला. दोघी भाजीतल्या मिठावरून भांडत होत्या. पणजोबांकडे कोणी वळून पाहिलं नाही.